तू सामन्याला गेलास, तो खोलीवर राहिला

ताई, मी २७ वर्षांचा आहे. कोथरूडला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. शाळेपासूनचा एक मित्र आणि मी एकाच इंग्लिश क्लबचे वेडे. दहा वर्षं आम्ही रात्री साडेबारा नाहीतर दीडला उठून युरोपातले सामने बघतोय. तीन वर्षं पैसे साठवले आणि मार्चमध्ये इटलीत अवे मॅचला, म्हणजे समोरच्या संघाच्या मैदानावरच्या सामन्याला गेलो. तिकिटं इंग्लंडमधल्या आमच्या तिसऱ्या मित्राने काढून दिली. आदल्या रात्री चौकातल्या एका बारबाहेर आमच्या क्लबच्या लोकांत बसलो होतो. गाणी चालली होती, मीही गात होतो. एक गाणं तिथल्या क्लबच्या जुन्या दुर्घटनेतल्या मृतांची टिंगल करणारं होतं, हे मला नंतर कळलं. तेवढ्यात तोंडं झाकलेली तीस-चाळीस माणसं धावत आली. खुर्च्या, बाटल्या, पट्टे. मी पळालो. एका दुकानदाराने मला आत घेऊन शटर ओढलं. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो, तर मित्र ॲम्ब्युलन्समध्ये. भुवईवर नऊ टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, 'तू जा, मी झोपतो.' मी गेलो. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, आम्ही २-१ ने जिंकलो. पुण्यात आल्यापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. यंदा गणपतीत लक्ष्मी रोडवर फटाका फुटला आणि मी गर्दीतून पळत सुटलो, बरोबर बहीण होती तिला सोडून. बाबा म्हणतात, 'चेंडूला लाथा मारणाऱ्यांसाठी डोकी फोडून घ्यायला जाणारे सगळे गुंडच.' ऑगस्टअखेर नव्या मोसमात कोण कुणाशी खेळणार याची सोडत झाली आणि आमचा ग्रुप पुन्हा निघालाय. मी जाऊ का? आणि मित्राशी काय बोलू?
– पाहुणा प्रेक्षक, कोथरूड

तुला अरे-तुरेच करते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

वर छापलंय ते तुझ्या तीन पानांचं सार. मूळ पत्रात त्या शेवटच्या गोलावर अकरा ओळी आहेत. पास कुणी दिला, चेंडू कुणाच्या पायाला लागून वळला, शेजारच्या अनोळखी माणसाने तुला कसं उचललं. मित्राच्या टाक्यांवर दीड ओळ आहे. तुला टोचावं म्हणून हे सांगत नाही. तुझं खरं दुखणं त्या दीड ओळीत अडकलंय असं मला वाटलं, म्हणून तिथूनच बोलू या.

पळालास ते बरोबरच केलंस. पट्टा हाताला गुंडाळून बक्कल मोकळं सोडलेला माणूस धावत येताना तू पाहिलास. त्याच्यासमोर उभं राहून काय झालं असतं? जखमी एकाऐवजी दोन झाले असते. अशा वेळी मागे वळून कोण कुठे आहे ते बघायला दोन सेकंदही मिळत नाहीत. ५ एप्रिल २००० ला इस्तंबूलच्या तक्सिम भागात, तिथला गालातासाराय क्लब विरुद्ध इंग्लंडचा लीड्स या सामन्याच्या आदल्या रात्री, लीड्सचे दोन पाठीराखे भोसकले गेले आणि त्यांचा जीव गेला. तुझ्यासारखेच सामन्याला आलेले लोक होते ते. तेव्हा पळाल्याबद्दल स्वतःला भित्रा म्हणणं आजपासून बंद कर. आणि ज्याने शटर ओढलं तो दुकानदार त्याच शहरातला होता हे विसरू नकोस. त्याच्या दुकानाचं नाव आठवत असेल तर पत्ता शोधून त्याला दोन ओळी लिही.

पण सामन्याला जाणं ही वेगळी गोष्ट आहे. 'तोच जा म्हणाला होता' हे तू पत्रात चार वेळा लिहिलंयस. ज्याला त्याची खात्री असते तो एकदाच लिहितो. अरे, आपल्याकडे जेवायला 'नको' म्हणणाऱ्याला आपण दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा वाढतोच. आजारी माणूस 'तू जा रे, माझं काय' म्हणतो तेव्हा त्याला काय ऐकायचं असतं हे मराठी घरात वाढलेल्या मुलाला शिकवावं लागत नाही. तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. तो जे मनात धरून बसलाय ते हेच असावं. तुझं पळणं त्याने त्याच रात्री माफ केलं असेल.

आणखी एक सांगते, कारण त्या गडबडीत तुला कुणी सांगितलं नसेल. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पहिले चोवीस तास एकटं ठेवायचं नसतं. उलटी होते का, बोलणं अडखळतं का, झोपेतून उठवल्यावर नीट ओळखतो का, हे कुणीतरी जवळ बसून बघावं लागतं. तू स्टेडियमवर होतास तेव्हा तो परक्या शहरात, भाषा येत नसताना, बंद खोलीत एकटा होता. ते तास त्याने कसे काढले हे तू अजून त्याला विचारलेलं नाहीस. निदान पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही.

तीन वर्षांची बचत, व्हिसाच्या खेपा, त्या रात्रीची घबराट, हे सगळं मला समजतं. माणसाचं डोकं अशा वेळी जे ठरलेलं असतं त्यालाच चिकटतं. २९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर युरोपियन कपची फायनल होती, इंग्लंडचं लिव्हरपूल विरुद्ध इटलीचं युव्हेंटस. लिव्हरपूलचे पाठीराखे शेजारच्या भागावर चालून गेले, पळणारी माणसं भिंतीपाशी चेंगरली, भिंत कोसळली. ३९ जण गेले, त्यातले बहुतेक इटालियन. आणि त्याच रात्री, त्याच मैदानावर सामना खेळवला गेला. रद्द केला तर आणखी दंगल होईल, अशी भीती होती. युव्हेंटसच्या प्लाटिनीने पेनल्टी मारली, युव्हेंटस १-० ने जिंकलं. त्या गोलाची मजा आली असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. तुझा २-१ चा गोल तुला अकरा ओळी लिहूनही गोड लागत नाहीये, ते बरंच लक्षण आहे.

माझं माहेर कोल्हापूरचं. आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा मामला. तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, सामन्याच्या दिवशी दुकानं लवकर बंद. आणि हो, मारामाऱ्याही. मी नऊ वर्षांची असताना एका सामन्यानंतर दगडफेक झाली. बाबांनी मला उचललं आणि गल्लीबोळातून घरी आणलं. त्यांचे एक मित्र बरोबर होते, दुसऱ्या पेठेतले. दरवर्षी दोघं शेजारी बसून एकमेकांच्या संघाला शिव्या घालायचे. त्या दिवशी त्या मित्राचं डोकं फुटलं. बाबा दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हणाले, 'काल मी तुला तिथं सोडून आलो.' मित्र काहीच बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने चहा दिला, आम्ही घरी आलो. बाबा पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही. त्या मोसमात ते मित्र मैदानावर आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, पण पहिल्यासारखे नाही. बाबांनी जाणं मात्र सोडलं नाही. कानात बसलंय ते बाबांचं पहिलं वाक्य. त्यात 'पण' नव्हता.

तूही तसंच जा. व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहू नकोस, ग्रुपवर तर मुळीच नको. त्याच्या घरी जा, त्याची आई समोर असली तरी चालेल. एवढंच म्हण की तुला खोलीवर एकटा टाकून मी मॅचला गेलो, मी जायला नको होतं. मग गप्प बस. 'तूच म्हणाला होतास' हे तोंडातून येऊ देऊ नकोस, खरं असलं तरी. तो चिडला तर चिडू दे. 'ठीक आहे रे' म्हणाला तर त्या 'ठीक आहे'वर विश्वास ठेवून उठू नकोस, या वेळी दुसऱ्यांदा विचार. त्या रात्री काय काय झालं, हॉस्पिटलमध्ये काय झालं, खोलीवर काय केलं, ते त्याच्याकडून ऐक. सहा महिने उशीर झालाय, त्यामुळे एका भेटीत मिटेल असं समजू नकोस.

आता गाण्याबद्दल. याचा मला राग आला आणि तो तुझ्यापासून लपवत नाही. तुला अर्थ माहीत नव्हता हे मान्य. पण ज्या भाषेत तू रोज ऑफिसचं काम करतोस त्याच भाषेतले शब्द होते ते. फुटबॉलच्या जगात हा जुना रोग आहे. ४ मे १९४९ ला सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून इटलीच्या तोरिनो क्लबचा जवळजवळ सगळा संघ गेला, एकूण ३१ माणसं. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकमध्ये मँचेस्टर युनायटेडला घेऊन जाणारं विमान कोसळलं, २३ गेले, त्यात आठ खेळाडू. हेसेल, आणि इंग्लंडमधली हिल्सबरो मैदानावरची चेंगराचेंगरी. या प्रत्येक मरणावर कुणीतरी गाणं केलंय आणि हजारो लोक ते गातात, बरेचसे तुझ्यासारखेच, ठेका धरून. इंग्लंडमध्ये आता यावर गुन्हे दाखल होतात. २०२३ च्या एफए कप फायनलला हिल्सबरोच्या ९७ मृतांची चेष्टा करणारा शर्ट घालून आलेल्या माणसाला चार वर्षं स्टेडियमबंदी झाली. हल्लेखोर त्या गाण्यामुळे आले असं मी म्हणत नाही, असली माणसं ठरवूनच येतात आणि बक्कल मारणाऱ्याला कुठलंही गाणं सबब म्हणून देऊ नये. पण त्या चौकाच्या वरच्या मजल्यांवर खिडक्या उघड्या असतील. तिथे बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याने ते ऐकलं असेल. आपण पाहुणे होतो रे त्या गावात.

फटाक्याच्या आवाजाने पळत सुटलास, त्यावर बहिणीची माफी मागितलीस, ते छान केलंस. पण हे तुझ्या स्वभावात नाही, शरीराने ती रात्र धरून ठेवलीये. असा प्रसंग सोसलेल्याला पहिले काही आठवडे झोप न येणं, दचकणं हे होतंच. सहा महिन्यांनीही आवाजाने पाय सुटतात तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवं. हे आपोआप जाईल म्हणून वाट बघू नकोस. पुण्यात चांगले डॉक्टर आहेत. लगेच जाणं होत नसेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि मित्रालाही असंच काही होतंय का, हे त्याला विचार. टाके त्याला पडलेत.

तुझ्या बाबांचं वाक्य मला अर्धं पटतं. पोटचा पोरगा पट्ट्यांच्या तडाख्यातून आला आहे, त्यांनी दुसरं काय म्हणावं? पण 'सगळे गुंडच' हे खरं नाही, आणि हे वाक्य किती महाग पडतं ते त्यांना सांग. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दी चेंगरली. पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी दोष दारू प्यायलेल्या पाठीराख्यांवर ढकलला. लोकांनी विश्वास ठेवला, कारण हेसेल ताजं होतं, फुटबॉलवाले म्हणजे गुंड हे ठरलेलंच होतं. मेलेल्यांच्या आयांना २७ वर्षं झगडावं लागलं. २०१६ मध्ये ज्यूरीने सांगितलं की पाठीराख्यांचा दोष नव्हता, पोलिसांची चूक होती. बरं, एवढं होऊनही २०२२ मध्ये पॅरिसच्या चॅम्पियन्स लीग फायनलला तेच झालं. गेटपाशी लोक अडकले, अश्रुधूर सोडला, सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि दोष दिला लिव्हरपूलच्या पाठीराख्यांना, खोटी तिकिटं म्हणून. पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशीने मुख्य जबाबदारी युएफाची, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेची ठरवली. आणि हे फक्त गोऱ्यांचं वेड आहे असं बाबा म्हणाले तर त्यांना १६ ऑगस्ट १९८० ची आठवण दे. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ माणसं गेली. बाबा त्या काळातले आहेत, त्यांनी तेव्हा पेपरात वाचलं असेल.

मात्र हे सगळं सांगण्याआधी त्यांना पूर्ण गोष्ट सांग. मित्राला खोलीवर ठेवून तू गेलास हे त्यांना माहीत नाही, असं पत्रावरून दिसतं.

जाऊ का, याचं उत्तर: या मोसमात नाही. भीती आहे म्हणून नव्हे. फटाक्याने पळणाऱ्या माणसाने चाळीस हजारांच्या गर्दीत, दोन्ही बाजूंना ढाली घेतलेले पोलीस असताना उभं राहणं हे त्याच्याही हिताचं नाही आणि बरोबरच्यांच्याही नाही. आणि मित्राशी बोलणं व्हायच्या आधी ग्रुपबरोबर विमानात बसलास तर तुम्हा दोघांमधलं जे उरलंय तेही जाईल.

पुढे कधी जाशील, आणि तू जाशील हे मला दिसतंय, तेव्हासाठी मला जे ठाऊक आहे ते सांगते. दोन वर्षांपूर्वी लेकाच्या हट्टाने मीही इटलीतच एक सामना पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसून पाहिला. युरोपातल्या सामन्यांना पाहुण्या क्लबसाठी साधारण पाच टक्के जागा राखून ठेवतात, जाळी आणि काचेपलीकडे. त्या काचेवर थुंकीचे वाळलेले ओघळ होते, आधीच्या कितीतरी सामन्यांचे. सामना संपल्यावर आम्हाला तासभर बाहेर सोडलं नाही. आधी चिडचिड झाली, मग कळलं की बाहेरचे रस्ते रिकामे होईपर्यंत थांबवणं यातच आमचा जीव राखला जातोय. तेव्हा शेवटची मेट्रो गाठायची असा बेत करूच नकोस.

धोका स्टेडियमपेक्षा आदल्या रात्रीच्या चौकात जास्त, हे तू अनुभवलंसच. जून २०१६ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या जुन्या बंदरावर इंग्लंड-रशिया सामन्याच्या वेळी हेच झालं, माणसं बारबाहेर बसली होती. आपल्या क्लबचे झेंडे जिथे लावलेत, जिथे गाणी चाललीत, ती जागा सगळ्या शहराला दिसते, आणि जे शोधत असतात त्यांनाही. तिथून दोन गल्ल्या पलीकडे जेव. जर्सी आणि स्कार्फ बॅगेत. क्लब जी जमायची जागा आणि बस ठरवून देतो ती सोडून दुसरीकडून जायचं नाही, शॉर्टकट तर नाहीच. आणि एक खूण लक्षात ठेव: गुंड बहुतेकदा क्लबचे रंग घालत नाहीत. गडद जॅकेट, टोप्या, गाणं नाही, आवाज नाही, सगळे एकाच दिशेने भरभर चाललेत. असा घोळका दिसला की बिल मागवत बसू नकोस, पैसे टेबलावर ठेव आणि आत शीर. मोबाइल काढून शूटिंग तर अजिबात नको, मारणारे सगळ्यात आधी कॅमेऱ्याकडे येतात. आपण रंगाने वेगळे दिसतो. काही टोळ्यांना तेवढं पुरतं, हेही डोक्यात असू दे.

यजमानांच्या भागातलं तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी गळ घातली तर स्पष्ट नाही म्हण. इटलीत तिकिटावर नाव असतं आणि गेटवर पासपोर्टशी ताडून बघतात. इंग्लंडमध्ये तर परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हाच आहे. तुमच्या इंग्लंडमधल्या मित्राला सांग, ब्रिटनचा व्हिसा इटलीत चालत नाही, त्याला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, वेगळा लागतो. युरोपियन क्लबांमध्ये पाठीराख्यांसाठी एक संपर्क अधिकारी असतो, निघायच्या आधी त्याला मेल करून कुठे जमायचं, कुठे जायचं नाही, ते विचार. उत्तर येतं, मला आलं होतं. प्रवास विम्याची पॉलिसी घेताना दंगलीतल्या दुखापतीबद्दल आणि दारूबद्दल काय लिहिलंय ते बारीक अक्षर वाच. युरोपीय संघात कुठेही ११२ लावला की पोलीस आणि ॲम्ब्युलन्स दोन्ही मिळतात. आणि हरवलात तर कुठे भेटायचं ती जागा रोज सकाळी बोलून ठरवा, मोबाइलवर विसंबू नका. तुम्ही तसं ठरवलं असतं तर ती चाळीस मिनिटं दोघांनाही जरा सुसह्य गेली असती.

पत्राबरोबर तू मित्राच्या न वापरलेल्या तिकिटाचा फोटो पाठवलायस, त्याच्या नावाचं, पाकिटात सहा महिने ठेवून चुरगळलेलं. ते इथे छापत नाही. या रविवारी त्याच्याकडे जाशील तेव्हा बरोबर ने आणि त्याच्या हातात दे. ते त्याचं आहे.